देहाचा उंबरठा
(वर्धापन महोत्सवातील व्याख्यान)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत असा आदेश समितीने मजसारख्या एका निवृत्त कारकुनास दिला, तेव्हा प्रथम मनात संकोच उत्पन्न झाला. मी वैद्य नव्हे, शास्त्री नव्हे, कीर्तनकार तर नव्हेच. लिसेवात शिकलेली पोर्तुगीज, घरी वडिलांनी गिरवून घेतलेली मराठी आणि कचेरीतील आवक-जावक बारनिशी, एवढीच माझी विद्येची शिदोरी. तथापि आयुष्यभर बारनिशी लिहिताना एक गोष्ट मनावर ठसली. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आवकच्या मेजावरून जातो. त्या मेजावरचा कारकून जर डुलक्या घेऊ लागला, तर आतल्या सगळ्या शाखा कितीही दक्ष असोत, घोटाळा ठरलेला. आपल्या देहाचे आवकचे मेज म्हणजे मुख. अन्न, पाणी, औषध, प्रसाद आणि दुर्दैवाने विषही याच वाटेने आत जाते. या मेजाकडे आपण किती लक्ष देतो, हा आज माझ्या बोलण्याचा विषय आहे. हा विषय मी पुस्तकांतून निवडलेला नाही. तो एका मित्राच्या मृत्यूने मला दिला आहे.

पोटासाठी गोवा सोडून मी बालाघाट जिल्ह्यात गेलो आणि तेथील एका मँगनीज खाणीच्या कचेरीत माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्याच जिल्ह्यातील किरनापूर या गावी राहिलो. आपणांपैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेही नसेल. ते मध्यप्रदेशातील तहसिलीचे गाव आहे आणि जवळच महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. परंतु सोयरिकी, बाजारहाट आणि भाषा यांनी ती सीमारेषा कधी मानली नाही. भाताची शेती, वैनगंगेचे खोरे, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी, आणि कानांवर पवारी, गोंडी, हिंदी व मराठी यांचा एकत्र मेळ, असा तो प्रदेश. माणसे कष्टाळू आणि विलक्षण आतिथ्यशील. आणि त्या आतिथ्याचेच एक रूप म्हणजे खर्रा.

खर्रा हा शब्द गोव्यातील मंडळींना समजावून सांगितला पाहिजे. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकच्या तुकड्यात घोटतात आणि ती पुडी खिशात ठेवतात. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आमच्या भागात चहाच्या आधी खर्रा पुढे होतो. माझ्या शेजारच्या मेजावर रोख विभागाचे एक गृहस्थ बसत. किरनापूरच्याच परिसरातले, हिशेबाला चोख, स्वभावाने दिलदार. त्यांच्या खणात शिक्क्याशेजारी खर्ऱ्याची पुडी असे. मी तंबाखू घेत नसे, म्हणून माझ्यासाठी ते निराळी साधी सुपारी आणून ठेवीत. आम्ही दोघे अनेक वर्षे एकाच मेजावर डबा उघडून जेवलो.

एके वर्षी त्यांनी डब्यातला मिरचीचा ठेचा माझ्याकडे सरकवण्यास प्रारंभ केला. "भाऊ, तुम्हीच घ्या, हल्ली झोंबते," असे ते म्हणत. मी हसून म्हणालो, "आता वहिनींना कळवायला हवे, पाहुणे म्हातारे झाले." पुढे ते भाकरी सोडून ताकभातावर आले. गालाच्या आत, खालच्या दाढेशेजारी, एक पांढुरका चट्टा होता, त्याचे पुढे व्रण झाले. कोणी सांगितले उष्णता आहे, कोणी लावायला निळे औषध दिले. दुखत फारसे नव्हते, म्हणून चिंताही नव्हती. असे कित्येक महिने गेले. अखेरीस मानेत गाठ दिसू लागली, तेव्हा त्यांना नागपूरला नेले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, परंतु फार उशीर झाला होता. समाचाराला मी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने मला एकच प्रश्न केला: "भाऊजी, तुम्ही तर रोज समोर बसून जेवत होता. तुम्हांला दिसले नाही का?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. दिसत होते, परंतु जे दिसते त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. तो अर्थ मी पुढे शोधत राहिलो. जे थोडेबहुत उमगले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम आपल्या पूर्वजांनी या विषयाला केवढे महत्त्व दिले ते पाहू. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची गणना आहे. ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, घशाचे १७ आणि संपूर्ण मुखाचे ३, असे ६५ रोग सुश्रुताचार्यांनी सांगितले आहेत. दिनचर्येत दंतधावन, जिव्हानिर्लेखन आणि गुळण्या यांना स्थान आहे. दातवणासाठी कडू रसाच्या झाडांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, असेही त्यात म्हटले आहे. माझी आजी पहाटे विहिरीवर जाताना कडुनिंबाची काडी चावीत जात असे. तिला संहिता ठाऊक नव्हती, पण परंपरा ठाऊक होती. पुढे काडी गेली, राखुंडी आली, आणि काही घरांत त्या राखुंडीच्या जागी मशेरी आली. भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावायची आणि तिला स्वच्छता म्हणायचे! छत्तीसगडात हेच काम गुडाखू करतो. दंतमंजनांत आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली, यावरून हा प्रकार किती पसरला होता याची कल्पना यावी. चोराच्याच हाती घराच्या किल्ल्या देण्यासारखे ते होते.

आता मुखाचा आणि उर्वरित देहाचा संबंध पाहू. आपली सर्वसाधारण समजूत अशी की दात म्हणजे तोंडापुरती बाब. दुखला तर काढावा आणि विसरावे. वस्तुतः दाताचे मूळ हाडात असते आणि हिरडीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो. तो रोज काढला नाही तर कठीण होतो, हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येऊ लागते, दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट पडते आणि त्या फटीत जिवाणू घर करतात. हाताला एवढी जखम झाली तर आपण पट्टी बांधू. परंतु तोंडात वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेला आपण वयाचा परिणाम म्हणतो. अशा हिरडीतून चावताना किंवा घासताना जिवाणू रक्तात शिरतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांचा तत्काळ बंदोबस्त करते. परंतु ज्याच्या हृदयाच्या झडपा पूर्वीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या असतात किंवा ज्याला कृत्रिम झडप बसविलेली असते, त्याच्या झडपेवर हे जिवाणू ठाण मांडू शकतात आणि प्राणावर बेतू शकते. म्हणून अशा रुग्णाने दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास आपल्या हृदयाची हकीकत अवश्य सांगावी.

दुसरा संबंध मधुमेहाचा. आज या मंडपात मधुमेह नसलेले घर शोधावे लागेल. रक्तातील साखर वाढली की हिरड्यांचा रोग बळावतो, ही एक बाजू. दुसरी बाजू फारशी ठाऊक नसते. हिरड्यांची जुनाट सूज शरीरात अशी द्रव्ये सोडते की इन्सुलिनचे कार्य मंदावते आणि साखर आटोक्यात येणे कठीण होते. एक व्याधी दुसरीला पोसते. उलटपक्षी, हिरड्यांची नीट सफाई आणि उपचार केले तर तीन-चार महिन्यांत मधुमेह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, जिला प्रयोगशाळेच्या कागदावर एचबीएवनसी म्हणतात, ती सरासरीने सुमारे ०.४ टक्के उतरते, असे २०२२ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात आढळले. आकडा लहान दिसतो. परंतु पथ्य आणि गोळ्या यांच्या जोडीला मिळणारा हा लाभ सोडून देण्यासारखा नाही.

तिसरा संबंध आपल्या घरातील वृद्धांचा. अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांना आपण न्हाऊमाखू घालतो, कूस बदलवतो, वेळेवर पेज भरवतो. परंतु त्यांचे तोंड कोण पुसतो? झोपेत लाळेचा थेंब श्वासनलिकेत उतरतो आणि त्याबरोबर तोंडातील जिवाणू फुप्फुसांत जातात. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक प्रयोग झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या तोंडाची निगा विशेष काळजीने राखली त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना न्युमोनिया झाला. ज्यांची तशी निगा राखली नव्हती त्यांच्यापैकी १९ टक्क्यांना. जेवणानंतर मऊ ब्रश किंवा ओले फडके आणि कवळी असल्यास ती रात्री काढून धुणे, एवढे तरी आपण घरी करू शकतो. आईवडिलांच्या सेवेत हे कर्तव्य आपण आजवर धरले नव्हते.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य समजतो. चांगल्या गोष्टीचाही अतिरेक होतो. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात मॉन्ट्रिअल येथे दिलेल्या भाषणात, अनेक रोगांचे मूळ तोंडातील पूवात असते, असे प्रतिपादन केले. त्याची एवढी लाट उसळली की सांधेदुखीपासून वेडापर्यंत प्रत्येक व्याधीसाठी माणसांचे धडधाकट दात उपटण्यात येऊ लागले. दात गेले, रोग मात्र तेथेच राहिले, आणि कालांतराने ती लाट ओसरली. आजही हिरड्यांचा रोग आणि हृदयविकाराचा झटका हे पुष्कळदा एकत्र आढळतात. परंतु हिरडी बरी केली म्हणजे झटका टळतोच, असे सिद्ध झालेले नाही. २०१२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हेच स्पष्ट केले. तेव्हा दात स्वच्छ ठेवणे हे सर्वरोगहारी औषध आहे असा माझा दावा नाही. आवकचे मेज दक्ष असले म्हणजे कचेरीतील प्रत्येक तंटा मिटतो असे नव्हे; पण ते झोपले तर तंटे वाढतात, हे निश्चित.

आणि आता ज्या रोगाने माझा मित्र नेला त्याकडे वळतो. मुखाच्या कर्करोगाचे भारतात २०२२ या एका वर्षात १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. पाश्चात्य देशांत हा रोग तुलनेने विरळ. आपल्याकडे तो पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत अग्रभागी आहे. याचे कारण आपल्या रक्तात नाही, आपल्या खिशात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ पासून देशातील पाच जिल्ह्यांत खेडोपाडी हिंडून ५० हजारांहून अधिक माणसांची तोंडे तपासली. पुढे महाराष्ट्रात १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांची तपासणी करून १९७२ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. कर्करोग आणि त्याच्या आधीचे चट्टे जवळजवळ सर्वस्वी तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्यांतच आढळले. पुढे तीन जिल्ह्यांतील तंबाखूच्या व्यसनी माणसांना वर्षानुवर्षे ती सोडण्याचा उपदेश करण्यात आला, तेव्हा नवे पांढरे चट्टे उद्भवण्याचे प्रमाण घटले. म्हणजे सोडण्याचा उपयोग होतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीप्रमाणे मध्यप्रदेशात १५ वर्षांवरील शंभर माणसांत ३४ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात २६ ते २७. गोव्यात १० हूनही कमी. मध्यप्रदेश सरकारने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही घातली. बंदी झाली, पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. माणूस दोन्ही घेऊन तळहातावर एकत्र करतो. कायद्याला दार बंद करता येते, हात बांधता येत नाहीत.

गोव्याचा आकडा ऐकून आपणांस समाधान वाटले असेल. मलाही वाटत असे. मी गोयंकार, तंबाखूला कधी शिवलो नाही, माझ्या तोंडात केवळ आमच्या कुळागरातली सुपारी. मला कसले भय? परंतु त्या पाहणीत केवळ तंबाखूची मोजदाद आहे, नुसत्या सुपारीची नाही. आणि येथे, महाजन मंडळी, मी आपल्या सर्वांच्या अंगणात येऊन उभा राहतो.

सुपारीशी आपले नाते किती जुने आहे ते मी सांगावयास नको. अंत्रुज महालातील आपल्या कुळागरांतील पोफळींनी पिढ्यानुपिढ्या आपली घरे चालविली, मुलींची लग्ने केली, मुलांची शिक्षणे केली. गणपतिपूजनाला सुपारी, लग्न ठरले की सुपारी, पाहुणा आला की पानसुपारी, देवाला विडा. १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सुपारीवर स्वतंत्र संवाद लिहिला, एवढे तिचे तेव्हाही प्रस्थ होते. लिसेवात असताना त्या ग्रंथाचे नाव आम्ही अभिमानाने घेत असू. त्याच सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००३ साली, तंबाखूवाचूनही, मनुष्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. हे वाचले तेव्हा मला घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर कोणी आरोप ठेवावा तसे वाटले.

परंतु पुरावा माझ्याच तोंडात होता. मित्राच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी घरी गणपतीच्या दिवसांत मला नेवरीचा घास नीट घेता येईना. पत्नी म्हणाली, "अहो, आ करा बघू." केला, पण मुलांच्या लहानपणी त्यांना हसवण्यासाठी करीत असे तेवढा तो होईना. दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी मला स्वतःचीच तीन बोटे, एकावर एक उभी धरून, दातांमध्ये घालण्यास सांगितले. दोनच गेली. गालांच्या आतली त्वचा फिकी पडून तिच्यात दोऱ्यांसारखे ताठ पट्टे तयार झाले होते. हा रोग १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरांनी आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत वर्णिला आणि १९५३ साली आपल्या देशात डॉ. जोशी यांनी त्याची नोंद केली. सुपारी चघळणाऱ्यांचा हा रोग. त्यातून काहींना पुढे कर्करोग होतो. आणि आखडलेले तोंड सहसा पूर्ववत् होत नाही. त्या दिवशी मी सुपारी सोडली. व्यायामाने आणि औषधांनी थोडे सुधारले. पण आज सकाळी या देवस्थानचा प्रसादाचा लाडू मी मोडून, तुकडे करून खाल्ला, हे आपणांपैकी काहींनी पाहिले असेल. प्रसाद पूर्ण ओठी लावता येऊ नये, याहून मोठी शिक्षा देवळाच्या पायरीवर वाढलेल्या माणसाला कोणती असणार?

खिन्नतेवर मी थांबणार नाही, कारण या कथेत आशेला भरपूर जागा आहे. मुखाचा कर्करोग हा पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या रोगासारखा लपून राहत नाही. तो दर्शनी असतो; केवळ पाहणारा हवा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायतींत एक मोठा प्रयोग झाला. सातांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरील माणसांची तोंडे केवळ प्रकाशात डोळ्यांनी तपासली, सहांत तशी तपासणी केली नाही. यंत्र नाही, रक्तचाचणी नाही. २००५ साली निष्कर्ष जाहीर झाला: तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत, जेथे तोंड पाहिले गेले तेथे, मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. केवळ पाहिल्याने! माझ्या मित्राच्या पत्नीने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे. मी पाहिले असते तर कदाचित् उपयोग झाला असता.

म्हणून आपणांस विनंती. महिन्यातून एकदा, संकष्टीचा दिवस धरा हवा तर, आरशापुढे उजेडात उभे राहावे. ओठ उलटून पाहावे, दोन्ही गाल बोटांनी बाजूला ओढून आत पाहावे, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि खालची बाजू पाहावी. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलू लागलेला दात, तिखट लागताच होणारी जळजळ, मानेतील गाठ किंवा तीन बोटे न मावणारे तोंड, यांपैकी काहीही आढळले तर उष्णता म्हणून सोडून देऊ नये. दुखत नाही म्हणून तर मुळीच सोडू नये. डॉक्टरांनी तपासणीसाठी लहान तुकडा काढावा असे सांगितले, तर सुरी लागली की रोग पसरतो या धास्तीने पळू नये. ती समजूत खोटी आहे. गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय आहे, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय आहे. वाट लांब असेल, पण उशिराची वाट त्याहून लांब असते. रोजच्या रोज सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी दात घासावेत, हिरडीतून रक्त आले तर घासणे थांबवू नये, दंतवैद्य गाठावा.

समितीपुढे एक नम्र सूचना ठेवून आपली रजा घेतो. जत्रेच्या दिवशी हजारो माणसे या प्रांगणात येतात. त्या दिवशी अग्रशाळेच्या एका खोलीत एक दंतवैद्य, एक खुर्ची आणि एक दिवा, एवढी व्यवस्था करता आली तर दर्शनाला आलेला प्रत्येक जण तोंड दाखवून जाईल. देवाला तोंड दाखवायला आपण येतोच, वैद्यालाही दाखवावे. दुसरी गोष्ट सुपारीची. जिच्यावर आपली घरे उभी राहिली तिच्याविषयी कृतघ्न व्हा असे मी म्हणणार नाही, आणि पूजेतून तिला काढा असे तर मुळीच म्हणणार नाही. माझे मागणे एवढेच: सुपारी देवापुढे ठेवावी, गालात ठेवू नये. पाहुण्याच्या तबकात तिच्या जागी वेलची-बडीशेप ठेवावी. आणि लग्नमंडपात लहान मुलांच्या हाती गोड सुपारीची पुडी देण्याची नवी चाल पडली आहे, ती तरी आपल्या घरांतून आजच थांबावी.

किरनापूरला परतलो की माझ्या मित्राच्या घरी जाणे माझा नेम आहे. त्यांचा नातू आता महाविद्यालयात जातो. तो खर्रा खात नाही. मी गेलो की त्याची आजी त्याला हाक मारते, "बाबू, आजोबांना तोंड दाखव," आणि तो हसत खिडकीपाशी येऊन आ करतो. मी पाहतो. मला वैद्यक कळत नाही, पण आता पाहणे कळते.

आपल्या कुलदैवताच्या कृपेने आपणां सर्वांस आरोग्य लाभो, प्रसादाचा लाडू अखंड खाण्याइतके मुख शेवटपर्यंत उघडे राहो, आणि त्या मुखी सदैव देवाचे नाम असो, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण पूर्ण करतो.